म्हणावं, ही मालिका बघा

टीव्हीवरील मालिकांविषयी आपल्याला मत असू शकते, हे मला साठी उलटल्यावर कळले. तोपर्यंत मत देणे हे माझे काम नव्हते. जिल्हा न्यायालयात मी आयुष्यभर न्यायाधीशांच्या खुर्चीच्या खालच्या टेबलाशी बसून नोकरी केली. तेथे वकील बोलतात, साक्षीदार सांगतात, न्यायाधीश ठरवतात. खाली बसलेल्या माणसाने कागद पुढे सरकवायचे आणि पुढची तारीख पुकारायची. निवृत्त झालो तेव्हा सिडकोतील दोन खोल्यांचे घर, पत्नी आणि भिंतीवरचा टीव्ही एवढेच समोर उरले. आम्हाला मूलबाळ नाही.

टीव्ही पत्नीचा होता. देवापाशी दिवा लागला की तो लागे. सोनाराच्या घराण्याची एक मालिका तिला फार आवडत असे. त्या घराण्यातील सून अंगभर दागिने घालून झोपे आणि सकाळी एकही पाटली न वाकवता उठे. कोणी काही बोलले की सर्वांचे चेहरे एकामागून एक दाखवत. घरात माणसे जास्त असल्यामुळे एका वाक्यात अर्धा भाग संपे. मी वर्तमानपत्र समोर धरून बसत असे आणि न पाहिल्यासारखे पाहत असे. मालिका संपली की पत्नीचा मोबाइल वाजे. लासूर स्टेशनजवळच्या आमच्या गावाहून माझ्या धाकट्या भावाची बायको बोलत असे.

भाऊ आणि मी बोलत नव्हतो. कारण थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचे कळणार नाही. वडिलांमागे जमिनीचे दोन हिस्से झाले. मी शहरात, माझा हिस्सा गावात. एका वर्षी पेरणीआधी गेलो, तर माझ्या हिश्श्यात भावाचा ट्रॅक्टर चालला होता. कोणाला विचारून, असे मी विचारले. तो म्हणाला, "घरचं हाय दादा. घरचं कुणी मागत असतं व्हय?" मी म्हणालो, मागितले असते तर दिले असते. त्याने मागितले नाही. मी ती जमीन गावातील दुसऱ्या माणसाला बटईने, अर्ध्या पिकावर, दिली. तो माणूस माझ्या दारात येऊन, चपला बाहेर काढून विचारून गेला होता. ज्याला मूल नाही त्याची जमीन अखेर पुतण्याकडेच जाणार, हे साऱ्या गावाला ठाऊक होते. म्हणून भावाला ते अधिक लागले. त्या दिवसापासून आमचे बोलणे थांबले. मागायला हवे होते, असे मी आजही म्हणतो.

दोघी जावा या भांडणात पडल्या नाहीत. त्या रोज बोलत, मात्र घरचे काही बोलत नसत. शेत नाही, पीक नाही, दुखणे नाही, नवरे तर नाहीतच. बोलत त्या फक्त मालिकांविषयी. असे त्यांनी ठरवले होते की आपोआप ठरत गेले, हे मी पत्नीला कधी विचारले नाही. पत्नीला कमी ऐकू येत असे, त्यामुळे फोन स्पीकरवर असे आणि मला सर्व ऐकू येई.

"बाई, बघितलं का आज? त्या मेलीनं दुधात काय कालवलं?"

"बघितलं ना. आन् ती येडी पिली बी."

"नसती पिली तर उद्या काय दाखवत्याल?"

आमच्याकडे धाकटी जाऊ थोरलीला बाई म्हणते. पत्नी आणि ती मिळून अर्धा तास त्या दुधावर बोलत. जिने विष कालवले ती दोघींची नावडती आणि जी ते प्याली ती दोघींच्या थट्टेची. हे ऐकताना मला वाटे, की न्यायालयात इतक्या एकमताने कोणावर आरोप ठेवलेला मी पाहिला नाही.

एकदा ती म्हणाली, "बाई, हे म्हणत व्हते, ती नवी लागलीय ना कोर्टाची, ती म्हणावं बघा." कोणी बघायची हे तिने सांगितले नाही. पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी वर्तमानपत्राचे पान उलटले.

दुसऱ्या दिवशी ती मालिका पाहिली. न्यायाधीश दर वाक्याला हातोडा आपटत होते. आमच्या न्यायालयात मी हातोडा सुताराच्या हातात पाहिला, खुर्ची मोडली तेव्हा. साक्षीदार पिंजऱ्यातून उतरून आरोपीची गचांडी धरत होता आणि पोलिस बाजूला उभे राहून पार्श्वसंगीत ऐकत होते. निकाल त्याच दिवशी लागला. मी पत्नीला म्हणालो, सांग, न्यायालय असे नसते. तिने सांगितले. त्यावर पुढच्या संध्याकाळी उत्तर आले: "हे म्हणाले, खरं कोर्ट दावलं तर तारखंबिगर काय दावायचं? कोण बघंल त्याला?"

मी वर्तमानपत्र थोडे वर धरले. भावाचे म्हणणे बिनतोड होते.

त्यानंतर आम्हा दोघांची मते दोघींच्या तोंडून येऊ-जाऊ लागली. गाण्याच्या स्पर्धेतील एक मुलगा भावाला आवडे, कारण तो शेतमजुराचा होता. मी कळवले की गाणे सुरू होण्याआधी त्याची गरिबी दाखवतात, परीक्षक रडून घेतात आणि मग सूर कोणी ऐकत नाही. भावाने कळवले, की सूर पोट भरल्यावर ऐकायचा असतो. पोलिसांची एक मालिका मी सुचवली; तिच्यात निदान पंचनामा बरोबर लिहीत. भावाला ती मिळमिळीत वाटली. देवादिकांच्या मालिकेत देव इतके गुळगुळीत का, या प्रश्नावर मात्र आमच्यात मतभेद नव्हता, असे मला त्याच्या एका निरोपावरून वाटले. मी तसे कळवले नाही. मत जुळल्याचे सांगणे दोघांनाही जड गेले असते.

पत्नी हे सर्व निरोप इमानाने पोचवी. मी बोललो त्यापेक्षा थोडे मऊ करून पोचवी, हे माझ्या लक्षात येत होते. तिकडूनही बहुधा तसेच येत असावे. वर्षे गेली. भाऊ काय पेरतो, त्याची प्रकृती कशी, त्याने घराला स्लॅब टाकला की नाही, यातले मला काही ठाऊक नव्हते. कोणत्या मालिकेतील कोणता माणूस त्याला खोटा वाटतो, हे मात्र ठाऊक होते.

मागच्या थंडीत पत्नी गेली. ताप आला, छातीत उतरला, दवाखान्यात नेले, परत आणली नाही. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

भाऊ आला. त्याने खांदा दिला. दहाव्यालाही आला. नातेवाइकांनी आम्हाला मुद्दाम शेजारी बसवले. आम्ही शेजारी बसलो. तो समोर पाहत होता, मीही समोर पाहत होतो. तेराव्याचे जेवण झाल्यावर तो उठून गेला.

त्याची बायको तेरा दिवस माझ्या स्वयंपाकघरात होती. त्या काळात ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि यात राग नव्हता. नवऱ्याच्या थोरल्या भावाला आमच्या भागात भाया म्हणतात. भायासमोर सुनेने तोंड उघडायचे नाही, समोरासमोर यायचे नाही. आलीच तर पदर पुढे ओढून भिंतीकडे व्हायचे. शहरातल्या मुली आता हे पाळत नाहीत. ती लग्न होऊन आली त्या दिवसापासून पाळत आली. फारच गरज पडली तर ती चौकटीला, पातेल्याला किंवा एखाद्या लेकराला सांगे: "म्हणावं, पाणी तापलंय." आणि मीही त्याच चौकटीला सांगे: "म्हणावं, येतो." एवढ्यावर आमचा आयुष्यभराचा व्यवहार झाला होता. तेरा दिवस तिने चौकटीला सांगून मला जेवायला वाढले. मग ती नवऱ्यामागोमाग गेली.

घर रिकामे झाले. टीव्ही मी लावीत असे, कारण त्या वेळी तो लागत आला होता. पत्नीचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. तो काढायचे मला सुचले नाही. एका संध्याकाळी सोनाराची मालिका संपली आणि तो वाजला.

मी उचलला नाही. दुसऱ्या दिवशी वाजला, तेव्हाही नाही. उचलून बोलणार काय? ती माझ्याशी बोलू शकत नव्हती आणि जिच्याशी बोलत होती ती नव्हती. पुढच्या दिवशी पुन्हा वाजला, तेव्हा मी बटण दाबले आणि पत्नी ठेवीत असे तसा फोन पलंगाच्या कडेवर ठेवला.

तिकडच्या टीव्हीवर तेलाची जाहिरात चालली होती. माझ्याकडेही तीच होती. तिकडचा आवाज थोडा मागून येत होता. जाहिरात संपली. मग ती म्हणाली, "बाई."

मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"बाई, लई दिवसांनी परत लावतेय बघा मालिका. तुमच्या त्या सोनारणीनं शेवटी घर सोडलं."

तिने सबंध भाग सांगितला. कोणी काय नेसले होते, कोणी कोणाच्या कानाखाली मारली, सारे. मग "ठेवते बाई" म्हणून ठेवला. अशा काही संध्याकाळी गेल्या. मी ऐकत असे. ती मेलेल्या बाईशी बोलत होती आणि ऐकणारा मी आहे हे तिला पूर्ण ठाऊक होते. रीत मोडलेली नव्हती.

एके दिवशी ती म्हणाली, सोनारीण आता काही परत येत नाही, आणि मला राहवले नाही. मी दरवाजाच्या चौकटीकडे पाहून म्हणालो, "सांगावं, तिने घर सोडलेले नाही. ते स्वप्न होते. उद्या अंथरुणातून उठेल."

मग आवाज आला, "बाई, सपान व्हय ते?"

दुसऱ्या दिवशी ती बया अंथरुणातून उठली. सर्व दागिन्यांसह.

अशा रीतीने आमचे बोलणे सुरू झाले. त्याला बोलणे म्हणावे की नाही, हे ठरवायला मी बसलो नाही. ती बाईंना सांगे, मी चौकटीला सांगे. काही दिवसांनी भावाची मतेही पुन्हा येऊ लागली. "हे म्हणत व्हते, त्या पोलिसाच्या मालिकेत आता काय राम नाय ऱ्हायला." मी कळवी की राम पूर्वीही नव्हता, पंचनामा होता. पत्नी मऊ करीत असे तसे आता कोणी मऊ करीत नव्हते. माझे शब्द होते तसेच जात आणि त्याचे येत तसेच येत. तरीही दिवसाला एक टोक होते. कोणती नवी मालिका पाहावी, कोणती सोडून द्यावी, हे मला रोज संध्याकाळी कोणीतरी विचारत होते.

पोळ्याच्या सुमारास तिने एक नवी मालिका सांगितली.

"बाई, एक लागलीय नवीन. तुमच्याकडं लागती का नाय, म्हाईत नाय. पण म्हणावं, बघा."

कोणत्या वाहिनीवर, हे तिने सांगितले नाही. नाव सांगितले नाही. ती गोष्ट सांगू लागली. "त्यात दोघं भाऊ हायेत. धाकट्याला चाललं की दम लागतो. हिरीपस्तोर जायला दोनदा बसतो मधी. डॉक्टर म्हणला, छातीचं ऑपरेशन करावं लागंल, शहरात जा. तर ह्यो नाय म्हणतो."

मी रिमोटला हात लावला नाही. अशी मालिका कोणत्याही वाहिनीवर नव्हती. घरचे बोलायचे नाही, ही मर्यादा तिने ओलांडली नव्हती. तिने घरच मालिकेत नेऊन ठेवले होते. माझा भाऊ आजारी होता आणि हे मला सांगण्याचा तिच्यापाशी एवढाच मार्ग होता.

मी चौकटीला म्हणालो, "विचारावं, तो नाही का म्हणतो?"

"बाई, त्याचा थोरला भाऊ तिथंच शहरात ऱ्हातो. ऑपरेशन झाल्यावर महिनाभर दवाखान्याच्या जवळ ऱ्हा म्हणला डॉक्टर. धाकटा म्हणतो, थोरल्याच्या दारात जाऊन ऱ्हाऊ का म्हणून इचारायचं, त्यापरीस हितं पडलेलं बरं."

तिच्या मागे टीव्हीचा आवाज नव्हता. त्या दिवशी तिने तो लावलाच नसावा.

मी विचार केला. मग सांगितले, "म्हणावं, मालिका ठीक आहे. धाकट्याने एकदा विचारावं. थोरला नाही म्हणणार नाही."

"बाई, आन् थोरल्यानंच बोलावलं तर?"

"घरच्या माणसाला बोलावणं धाडतात का?"

बोलून झाल्यावर ध्यानात आले, की असे बोलणे माझे नव्हे. ते माझ्या भावाचे होते. पण तोंडातून गेले ते गेले. तिने "बरं बाई" म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या संध्याकाळी मी मालिका संपायची वाट पाहिली नाही. फोन हाताशी घेऊनच बसलो. तो वाजला. ती म्हणाली, "बाई, हे म्हणाले, असली मालिका आपण बघत नाय. कुणीतरी मुद्दाम लिवल्यावाणी वाटती."

म्हणजे त्यालाही कळले होते. तिघांनाही सर्व कळले होते आणि तिघांपैकी कोणी एक वाक्य सरळ बोलणार नव्हते. तरी मी बाहेरच्या खोलीतील टेबल हलवून तेथे खाट टाकली. गादी गच्चीवर उन्हात घातली, कापूस मोकळा करून घेतला. खाटेवरून टीव्ही सरळ दिसतो की नाही, हे पडून पाहिले. मान थोडी तिरपी करावी लागत होती, म्हणून खाट भिंतीला लावली. हे मी चौकटीलाही सांगितले नाही. सांगितले असते तर ते बोलावणे झाले असते.

काही दिवस फोन आला नाही. मग पुतण्याचा आला. पुतण्या पस्तिशीचा आहे, वाळूजच्या एका कंपनीत कामाला आहे, बजाजनगरात एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेऊन राहतो. तो म्हणाला, "मोठे बाबा, पप्पांचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. कालच घरी आणलं." कोणत्या घरी, हे मी विचारले. तो म्हणाला, "माझ्या रूमवर." त्याच्या आवाजात संकोच होता. दवाखाना शहराच्या या बाजूला, माझ्या घरापासून चालत जाण्याइतका. बजाजनगर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. टाके घातलेली छाती घेऊन माझा भाऊ माझ्या गल्लीवरून सगळे शहर ओलांडून गेला होता.

मी गेलो. कोणी बोलावले नव्हते. दोन बस बदलल्या. पुतण्याच्या इमारतीचा जिना अरुंद आहे. वर पोचेपर्यंत मलाही थांबावे लागले.

दार उघडेच होते. भाऊ खाटेवर उशीला टेकून बसला होता. छातीशी त्याने आणखी एक लहान उशी दोन्ही हातांनी धरली होती. खोकला आला की ती दाबून धरायला दवाखान्यात शिकवतात. तो निम्मा झाला होता. माझ्याकडे पाहून त्याने पाय थोडे आखडून घेतले, म्हणजे मला खाटेच्या कडेला बसता यावे. मी खुर्चीवर बसलो. त्याची बायको पदर ओढून आत गेली आणि स्वयंपाकघराचा पडदा हलायचा थांबला. पुतण्या कामावर होता. थोड्या वेळाने पडद्याखालून चहाचा कप बाहेर सरकला आणि बशीवर चमचा वाजला. मी उठून कप घेतला.

टीव्ही चालू होता. आम्ही दोघेही तिकडे पाहू लागलो. नेमकी दोन भावांची एक मालिका लागली होती, ही खरीच होती. घराच्या वाटणीवरून वैर झालेले दोन भाऊ देवळाच्या पायरीवर भेटले होते आणि थोरला धाकट्याच्या गळ्यात पडून रडत होता. मागे सनई होती. कॅमेरा त्या दोघांभोवती फिरत होता आणि फिरायचा थांबत नव्हता.

बऱ्याच वेळाने भाऊ म्हणाला, "बघता का हे?"

इतक्या वर्षांनंतरचे ते त्याचे पहिले वाक्य. त्याचे डोळे टीव्हीवर होते.

"बघतो," मी म्हणालो.

"थोरला लई रडतो ह्यात."

"त्याला रडायचे पैसे मिळतात."

"धाकटा बी रडतो की."

"रडतो. पण तोंडाने मागत नाही. लेखकाने तेवढे एक वाक्य त्याला दिलेले नाही."

भावाने उशी छातीशी घट्ट केली. "मागायला तो भिकारी हाय का?"

"विचारणे म्हणजे भीक नव्हे."

"परक्याला बरं दिलं थोरल्यानं."

"परका विचारायला आला होता."

"आन् पाठचा भाऊ मरायला टेकला, तर थोरला खाटंवर बसून म्हणतो, त्यानं इचारावं." 

"त्याच्यासाठी खाट टाकलेली होती. त्याने वाट बदलली."

"कुणाला म्हाईत, टाकली का नाय? दावली व्हती का कधी मालिकेत?"

त्याला खोकला आला. तो उशीवर वाकला. मी जागेवरून उठलो, पण जवळ जाऊन काय करायचे हे मला ठाऊक नव्हते. मी तसाच उभा राहिलो. टीव्हीवर सनई चालूच होती.

तेव्हा पडदा बाजूला झाला. ती बाहेर आली, भिंतीशी गेली आणि टीव्हीचा स्विच बंद केला. मग ती वळून माझ्यासमोर उभी राहिली. पदर डोक्यावर होता, पण पुढे ओढलेला नव्हता. तिचा चेहरा मी त्या दिवशी प्रथम सरळ पाहिला. ती म्हातारी झाली होती. तिने मला हाक मारली नाही. मला काय म्हणून हाक मारायची, हे तिला कधी ठरवावेच लागले नव्हते.

"आता बास करा," ती म्हणाली. "बाई गेल्या. आता मधी कुणी नाय. मी किती दिस मेलेल्या माणसाला सांगत बसू? ह्यांची छाती कापून शिवलीय. तुमचं बी काय ऱ्हायलंय? मालिकेतलं बोलू नका. घरातलं काय बोलायचं ते बोला. मी हितंच उभी हाय."

ती उभी राहिली.

मी असे लिहू शकलो असतो, की मग आम्ही बोललो. भाऊ वर पाहत होता, पंख्याकडे. मी फरशीकडे पाहत होतो. मला एक वाक्य सुचले होते. घरी चल, एवढेच ते होते. त्याच्याही ओठांवर काही असावे, कारण त्याने एकदा घसा साफ केला. तिने माझ्याकडून त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्याकडून माझ्याकडे. जन्मभराची रीत तिने एका क्षणात टाकून दिली होती आणि तिच्या बदल्यात तिला आम्हा दोघांकडून काही मिळत नव्हते.

शेवटी भाऊ तिला म्हणाला, "टीव्ही लाव."

ती हलली नाही. मग तिचा हात पदराकडे गेला. तिने तो खाली ओढला, स्विच चालू केला आणि ती आत गेली. देवळाच्या पायरीवरचे दोघे अजून सुटलेले नव्हते.

मी कप स्वयंपाकघराच्या पडद्याशी ठेवला. दारात चपला घातल्या. मागून भावाचा आवाज आला. तो माझ्याशी बोलत नव्हता, पडद्याकडे तोंड करून सांगत होता.

"म्हणावं, रिक्षा कोपऱ्यावर मिळंल. बसची वाट बघत उभं ऱ्हाऊ नका."

मी दाराच्या कडीला म्हणालो, "म्हणावं, बरं."

त्यानंतर पत्नीचा मोबाइल वाजलेला नाही. का, हे मला कळते. जी बाई माझ्यासमोर उभी राहून माझ्याशी बोलली, तिला आता फोनवर मेलेल्या जावेला हाक मारता येणार नाही. आणि माझ्याशी सरळ बोलून काय मिळते, हे तिने पाहिले आहे. मी फोन लावू शकतो, असे कोणी म्हणेल. लावू शकतो. बाहेरच्या खोलीतील खाट मी महिनाभर तशीच ठेवली आणि मग दुमडून गच्चीवर नेली. भाऊ बजाजनगराहूनच गावी परतला. प्रकृती सुधारली आहे, आता विहिरीपर्यंत न बसता जातो, असे पुतण्या सांगतो.

पुतण्या अधूनमधून येतो. मागच्या रविवारी त्याने माझ्या टीव्हीला इंटरनेट जोडून दिले. आता मालिकेची वेळ पाळावी लागत नाही, हवी तेव्हा हवी ती बघता येते, जाहिरातीही नाहीत, असे त्याने मला समजावले. एक हेरांची मालिका त्याने सुचवली. तुम्हाला आवडेल, त्यात सगळे पुराव्यानिशी चालते, असे तो म्हणाला. मी बघतो म्हणालो.

तो वायर गुंडाळत असताना त्याचा फोन वाजला. त्याचे हात गुंतले होते, म्हणून त्याने तो स्पीकरवर टाकला. त्याची आई होती. कुठे आहेस, तिने विचारले. मोठ्या बाबांकडे, तो म्हणाला.

ती बोलायची थांबली. तिच्या मागे त्यांचा टीव्ही चालू होता; गाण्याच्या स्पर्धेतले टाळ्यांचे आवाज होते, परीक्षक कोणाचे तरी कौतुक करत होते. टीव्हीच्याही मागून माझ्या भावाचा आवाज आला. आवाजात जोर परत आला होता. ह्या पोरीला उगाच चढवलंय, हिच्यापरीस कालची बरी गात व्हती, असे तो म्हणत होता. कोणाला म्हणत होता, कळले नाही.

"सावकाश ये," आई पुतण्याला म्हणाली.

ती मुलगी मी ऐकली होती. कालची बेसूर होती, हीच बरी होती. मी तसे म्हणायला तोंड उघडले, तोपर्यंत पुतण्याने फोन खिशात ठेवला होता.